पडद्यावरचे उपरे संकेत : रिअल-टाइम स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरमधील स्परांचा आढावा

रिअल-टाइम स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर हे उपकरण अँटेनातून आलेल्या रेडिओलहरींची वारंवारतेनुसार फोड करते आणि कोणत्या वारंवारतेवर किती शक्ती आहे हे पडद्यावर खंड न पडू देता दाखवत राहते. मात्र पडद्यावर उमटणारी प्रत्येक रेघ हवेतल्या संकेताचीच असते असे नाही. काही रेघा उपकरणाच्या पोटात तयार होतात, काही त्याच्याच टेबलावरच्या लॅपटॉपमधून किंवा दिव्यातून येतात, तर काही दोन खऱ्या संकेतांच्या संकरातून उपजतात आणि जिथे कोणतेही प्रक्षेपण नाही अशा जागी जाऊन बसतात. या उपऱ्या रेघांना तांत्रिक लेखनात स्पुरियस संकेत आणि प्रयोगशाळेत नुसते ‘स्पर’ म्हणतात. त्यांचा छडा कसा लावावा यावर उपकरणांच्या पुस्तिकांत भरपूर मजकूर असतो, पण तो बहुधा शांत रेडिओ-परिसर गृहीत धरून लिहिलेला असतो. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात, तो परिसर मुळीच शांत नाही, आणि म्हणून येथे प्रश्नाचा तोलच बदलतो.

या उपनगरांत अशा उपकरणांचा वापर करणारे थोडेथोडके नाहीत. सूक्ष्मतरंग इलेक्ट्रॉनिकीवर काम करणारी ‘समीर’ ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७७ मध्ये सुरू केलेल्या एका विशेष विभागातून ती वाढली आणि तिचे मुख्य ठिकाण पवईच्या आयआयटीच्या आवारात आहे. अंधेरीत १९७३ पासून सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र आहे आणि त्याला लागून मरोळची औद्योगिक वसाहत आहे. विलेपार्ले, विद्याविहार, अंधेरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दळणवळणाच्या प्रयोगशाळा आहेत. शिवाय हौशी रेडिओचालकांची जुनी परंपरा शहरात टिकून आहे. एके काळी हे उपकरण केवळ मोठ्या संस्थांना परवडत असे. टेक्ट्रॉनिक्स कंपनीने २००६ मध्ये, संकेत किती वारंवार येतो ते रंगांच्या छटांनी दाखवणारा पडदा बाजारात आणला तेव्हाही ती चैनच होती. पुढे २०१२ मध्ये टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला स्वस्त यूएसबी डोंगल रेडिओग्राहक म्हणून वापरता येतो हे जगभर पसरले, आणि काही हजार रुपयांत, मर्यादित पट्ट्यापुरता का होईना, अखंड वर्णपट विद्यार्थ्याच्या टेबलावर आला. उपकरण स्वस्त झाले तरी त्यातील दोष ओळखण्याची शिस्त त्याच वेगाने पसरली नाही, आणि आजच्या बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे.

स्पर कोठून येतात हे कळण्यासाठी उपकरणाचे काम थोडक्यात पाहावे लागते. जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर एका अरुंद गाळणीने सगळा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडत जातो, त्यामुळे तो एका क्षणी एकाच वारंवारतेकडे पाहत असतो आणि तेवढ्यात दुसरीकडे काही चमकून गेले तर त्याला पत्ता लागत नाही. रिअल-टाइम उपकरण मात्र एक रुंद पट्टा एकदम खाली उतरवते. आतल्या दोलकाच्या, म्हणजे लोकल ऑसिलेटरच्या, संकेताशी त्याचे मिश्रण करून तो कमी वारंवारतेवर आणला जातो, नंतर अंकीकारक परिपथ, म्हणजे एडीसी, त्याचे ठरावीक गतीने नमुने घेतो, आणि त्या नमुन्यांच्या तुकड्यांवर फास्ट फुरिये ट्रान्सफॉर्म (एफएफटी) ही गणिती क्रिया करून वर्णपट काढला जातो. सेकंदाला पाच कोटी नमुने घेणाऱ्या उपकरणात १०२४ नमुन्यांचा एक तुकडा २०.४८ मायक्रोसेकंदांचा असतो आणि अशा सुमारे ४९ हजार चौकटी सेकंदाला तयार होतात. एकही नमुना न गळता हे काम चालू राहिले तरच त्याला रिअल-टाइम म्हणता येते. या रचनेची किंमत मात्र सहसा सांगितली जात नाही. झाडणाऱ्या महागड्या उपकरणांत तोंडाशीच एक फिरती, अरुंद गाळणी असते आणि ती नको असलेले संकेत मिश्रकापर्यंत पोहोचूच देत नाही. रुंद पट्टा एकदम पाहायचा तर ही गाळणी बाजूला सारावी लागते, आणि दार उघडल्यावर हवे ते आणि नको ते असे सगळेच आत येते.

पोटात जन्मणाऱ्या स्परांपैकी सर्वांत परिचित म्हणजे पडद्याच्या बरोबर मध्यावर उभी राहणारी रेघ. संकेताला थेट शून्य वारंवारतेभोवती उतरवणाऱ्या ग्राहकांत दोलकाचा स्वतःचा संकेत गळून मिश्रकात परत येतो आणि एकदिश विद्युतदाबाच्या रूपाने मध्यभागी साचतो. केंद्रवारंवारता कोठेही नेली तरी ही रेघ मध्य सोडत नाही, आणि हीच तिची खूण आहे. तिच्याइतकीच सामान्य पण अधिक फसवी गोष्ट म्हणजे प्रतिमा. अशा ग्राहकात संकेताच्या दोन शाखा असतात आणि त्यांच्यात नव्वद अंशांचा कलाभेद ठेवलेला असतो. दोन्ही शाखांची वाढ तंतोतंत समान नसेल किंवा कोन नव्वदहून किंचित ढळला असेल, तर मध्याच्या एका बाजूच्या संकेताची फिकट नक्कल दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखी उमटते. वाढीतील एक टक्का तफावतीने ही नक्कल मूळ संकेताच्या ४६ डेसिबल खाली दिसते, तर कोनातील एका अंशाच्या चुकीने ती केवळ ४१ डेसिबल खाली येते. मूळ संकेत बलवान असेल तर एवढी नक्कल सहज ‘नवा’ संकेत म्हणून नोंदली जाते. केंद्रवारंवारता एक मेगाहर्ट्झने सरकवली की खरा संकेत वारंवारतेच्या मापावर जागचा हलत नाही, पण प्रतिमा दोन मेगाहर्ट्झ सरकते. इतकी साधी चाचणी हाताशी असताना प्रतिमेवर तासन्‌तास घालवणे टाळता येण्याजोगे आहे.

घड्याळांचे स्पर वेगळ्या जातीचे असतात. प्रत्येक उपकरणात संदर्भासाठी स्फटिक-दोलक असतो आणि त्याच्या पूर्ण पटींवर बारीक रेघा उमटतात. वर उल्लेखिलेल्या स्वस्त डोंगलमध्ये हा स्फटिक २८.८ मेगाहर्ट्झचा असतो. त्याची पाचवी पट बरोबर १४४.० मेगाहर्ट्झ येते, म्हणजे हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्याचा नेमका आरंभबिंदू. त्यामुळे रिकाम्या पट्ट्याच्या काठावर कोणीतरी अखंड वाहकलहर सोडून बसले आहे असा समज होतो. महाग उपकरणांत असे स्पर खूप खाली दाबलेले असतात, पण नाहीसे झालेले नसतात. अपूर्णांकी भागाकाराने वारंवारता घडवणारे सिंथेसायझर ही आणखी एक खाण आहे. संदर्भ ४० मेगाहर्ट्झचा असताना दोलक २४०० मेगाहर्ट्झवर ठेवला तर तो बरोबर साठावी पट असतो आणि काही बिघडत नाही, तो २४००.१ वर नेला की मुख्य रेघेपासून १०० किलोहर्ट्झ अंतरावर दोन्ही बाजूंना पिल्ले उगवतात, आणि दोलक त्या पूर्ण पटीपासून दूर नेत गेले की ती पांगून विरत जातात. एडीसी दोन भावंडांनी आळीपाळीने चालवला असेल, तर त्यांच्यातील सूक्ष्म तफावतीमुळे नमुनागतीच्या अर्ध्यावर एक स्थिर स्पर येतो आणि प्रत्येक बलवान संकेताची त्या अर्ध्याच्या संदर्भात एक सावली पडते.

नमुने घेण्याच्या क्रियेतून होणारी दिशाभूल मुंबईत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. सेकंदाला दहा कोटी नमुने घेऊन लघुलहरी थेट अंकित करणारा ग्राहक पन्नास मेगाहर्ट्झच्या वरचे काहीही ओळखू शकत नाही. वरचा संकेत गाळला गेला नाही, तर तो दुमडून खालच्या पट्ट्यात येतो. शहरातील ९८.३ मेगाहर्ट्झचे एफएम केंद्र अशा वेळी १.७ मेगाहर्ट्झवर उलटे होऊन दिसते, आणि आकाशवाणीचे १०७.१ मेगाहर्ट्झचे एफएम रेनबो ७.१ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटरच्या हौशी पट्ट्याच्या ऐन मध्यावर, येऊन बसते. नमुनागती किंचित बदलता येत असेल तर ती बदलून पाहावी: दुमडलेला संकेत जागा सोडतो, खरा सोडत नाही.

यापुढचा प्रकार हा या आढाव्याचा गाभा आहे, कारण उपनगरांतील बहुसंख्य तक्रारी त्यात मोडतात. मिश्रक आणि प्रवर्धक हे आदर्श नसतात. त्यांच्यावर दोन बलवान संकेत एकाच वेळी आदळले की त्यांच्या बेरजा, वजाबाक्या आणि पटींच्या मिश्रणातून नवे संकेत तयार होतात. याला आंतरमॉड्युलेशन म्हणतात. त्यात तिसऱ्या दर्जाचे संकर सर्वांत उपद्रवी, कारण एकाची दुप्पट वजा दुसरा या सूत्राने ते मूळ संकेतांच्या शेजारीच पडतात आणि गाळणीने काढणे अवघड होते. मुंबईचा एफएम पट्टा दाट आहे: रेडिओ सिटी ९१.१, बिग ९२.७, रेड ९३.५, रेडिओ वन ९४.३, मिर्ची ९८.३, एफएम गोल्ड १००.७, रेनबो १०७.१ आणि आणखी काही. ९२.७ च्या दुपटीतून ९१.१ वजा केले तर ९४.३ येतात, ९३.५ च्या दुपटीतून ९२.७ वजा केले तरी तेच ९४.३ येतात. म्हणजे भारावलेल्या उपकरणात एका खऱ्या केंद्राच्या जागी दोन निरनिराळे संकर जाऊन बसू शकतात आणि त्याचे मोजलेले बळ निरर्थक ठरू शकते. याहून गंभीर उदाहरण १०७.१ चे आहे. त्याच्या दुपटीतून ९२.७ वजा केले की उत्तर १२१.५ मेगाहर्ट्झ येते, आणि १२१.५ ही विमानांची आंतरराष्ट्रीय संकटकालीन वारंवारता आहे. सहार विमानतळाच्या कुशीत वसलेल्या अंधेरीत एखाद्या प्रयोगशाळेच्या पडद्यावर ती उजळलेली दिसली, तर घाबरून दूरध्वनी उचलण्याआधी हा गुणाकार-वजाबाकीचा हिशेब करून पाहणे शहाणपणाचे आहे.

हा संकर उपकरणात झाला की बाहेर, हे ठरवण्याची पद्धत सुदैवाने निर्णायक आहे. उपकरणाच्या तोंडाशी दहा डेसिबलचा क्षीणक, म्हणजे संकेताचे बळ ठरावीक प्रमाणात घटवणारा अ‍ॅटेन्युएटर, लावला की खरा संकेत दहा डेसिबलने घटतो आणि उपकरण ती घट हिशेबात धरून वाचन पूर्ववत दाखवते. आत तयार झालेला तिसऱ्या दर्जाचा संकर मात्र तीस डेसिबलने घटतो, म्हणून पडद्यावर तो वीस डेसिबलने कोसळतो. दुसऱ्या दर्जाचा संकर दहाने. पडद्यावरची रेघ क्षीणकासरशी अशी बुडाली तर ती उपकरणाची निर्मिती आहे याविषयी शंका उरत नाही. पार्श्वगोंगाट या वेळी दहा डेसिबलने वर चढतो, तो दोष नव्हे. दुसरी खूण रुंदीची आहे. एफएम केंद्राचा संकेत मध्यापासून ७५ किलोहर्ट्झपर्यंत डोलतो, पण दुपटीच्या संकरात दोन्ही संकेतांचे डोलणे मिसळून ते २२५ किलोहर्ट्झपर्यंत पसरू शकते, त्यामुळे संकर मूळ केंद्रांहून रुंद आणि पिसारलेला दिसतो. विमानांचे बोलणे आयामबद्ध आणि अरुंद असते, १२१.५ वर रुंद, थरथरता डोंगर दिसला तर तो वैमानिकाचा आवाज नव्हे.

यात एक पेच आहे आणि अनुभवी लोकही त्यात अडकतात. भार टाकणारा संकेत पडद्यावर दिसतच असतो असे नाही. उपकरणाचा पडदा ४० मेगाहर्ट्झचा पट्टा दाखवत असला तरी त्याच्या पहिल्या प्रवर्धकासमोर अँटेनाने पकडलेली सगळीच शक्ती येते, आणि तिची बेरीज महत्त्वाची असते. सहाशे मेगाहर्ट्झच्या आसपास काहीच बलवान दिसत नसताना तिथला गोंगाट श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असेल, तर कारण बहुधा एफएम पट्ट्यात किंवा जवळच्या मोबाइल मनोऱ्यात असते. मालाडच्या मालवणी भागात तर आकाशवाणीची मध्यमलहरी प्रक्षेपणे, ५५८, १०४४ आणि ११८८ किलोहर्ट्झची, याच पद्धतीने मोजणीत घुसतात: ५५८ आणि १०४४ यांची बेरीज १६०२ होते, आणि त्या आकड्यावर ‘स्थानिक केंद्र’ सापडल्याचा आनंद अल्पजीवी ठरतो.

क्षीणक लावूनही संकर तसाच राहिला तर तो खरोखरच हवेत आहे, पण म्हणून कोणी तो प्रक्षेपित करत आहे असे सिद्ध होत नाही. गंजलेला सांधा हा एक अपघाती मिश्रक असतो; दोन धातूंमध्ये गंजाचा थर बसला की तो विद्युतप्रवाहाला एका दिशेने अधिक सहज वाट देतो आणि बलवान संकेतांचे संकर करून ते पुन्हा हवेत सोडतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत गच्चीवरचे पत्रे, पाण्याच्या टाक्यांच्या शिड्या, डिश अँटेनांचे खांब आणि स्वतः मोजणीच्या अँटेनाची पकड हे सारे काही वर्षांत या कामाला लागतात. पावसाळ्यात सांधे भिजून त्यांचे वर्तन बदलते आणि स्पर कमी-अधिक होतो; ऋतूनुसार हलणारा स्पर दिसल्यास आधी गच्चीवर जाऊन पाना फिरवावा.

टेबलावरच्या उगमांकडे वळताना एक विरोधाभास नोंदवावा लागतो. यूएसबीवर चालणाऱ्या आधुनिक रिअल-टाइम उपकरणांना नमुन्यांचा पूर पेलण्यासाठी यूएसबी ३.० ची जोडणी लागते, आणि त्याच जोडणीचा पाच गिगाबिटांचा प्रवाह २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रुंद गोंगाट सोडतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या पट्ट्यात चालतात तोच पट्टा मोजताना मोजणारी तारच तो गढूळ करू शकते. शंभर मेगाबिट इथरनेटचे १२५ मेगाहर्ट्झ, पडद्याच्या एचडीएमआय जोडणीचे १४८.५ मेगाहर्ट्झ, पंचवीस मेगाहर्ट्झच्या स्फटिकाच्या पटी हे ठरलेले पाहुणे आहेत, आणि ज्याने एकदा त्यांची यादी भिंतीवर लावली त्याचा बराच वेळ वाचतो. स्विच-मोड वीजपुरवठे, म्हणजे चार्जर, लॅपटॉपचे अ‍ॅडाप्टर आणि एलईडी दिव्यांच्या आतले चालक, यांचे वर्तन मात्र निराळे असते. ते साधारण दहा-वीस ते काहीशे किलोहर्ट्झवर उघडझाप करतात, त्यामुळे समान अंतरावरच्या रेघांची लांबलचक मालिका उमटते. तापमान चढले की ती मालिका हळूहळू सरकते, आणि वरच्या पटीतल्या रेघा खालच्यांपेक्षा अधिक सरकतात. स्फटिकाच्या रेघा अशा वाहवत नाहीत. धबधबा-चित्रात, म्हणजे काळानुसार वर्णपट खाली सरकत जाणाऱ्या दृश्यात, सरळ उभी रेघ आणि वाकडी रेघ यांतला हा फरक एका दृष्टिक्षेपात कळतो.

हा गोंगाट उपकरणात शिरतो कोठून, याचे उत्तर अनेकदा अँटेना नसतेच. समाक्ष तारेच्या बाहेरच्या विणीवरून वाहणारा प्रवाह लॅपटॉपचा गोंगाट उपकरणाच्या तोंडापर्यंत नेतो. तार हाताने धरल्यावर किंवा टेबलावर सरकवल्यावर स्पराचे बळ बदलले तर ही वाट निश्चित समजावी. तारेवर फेराइटचे मणी ओवणे, लॅपटॉप बॅटरीवर चालवणे आणि अँटेना टेबलापासून दूर नेणे हे तीन उपाय मिळून बहुतेक प्रकरणे निकालात काढतात.

क्षणिक संकेतांच्या बाबतीत रिअल-टाइम उपकरण खरोखर अजोड आहे, आणि तिथेच ते सर्वांत जास्त चुकीचे वाचले जाते. पहिले उदाहरण उपनगरी लोकलचे. त्या १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावरून २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आल्या. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर त्यानंतरच्या वर्षी पूर्ण झाले. पँटोग्राफ आणि वरची तार यांच्यात ठिणगी उडाली की क्षणभर सगळ्या पट्ट्यात ऊर्जा पसरते. झाडणाऱ्या उपकरणावर ती तुरळक ठिपक्यांसारखी दिसते. रिअल-टाइम पडद्यावर ती चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी उजळते. हीच खूण एडीसीच्या कमाल मर्यादेबाहेर गेलेल्या संकेताचीही असते, कारण टोक छाटलेला एकच स्पंद संपूर्ण चौकट गढूळ करतो. दोहोंत भेद करायचा तर एडीसीच्या अतिभाराचा इशारा तपासावा आणि क्षीणक वाढवावा. ठिणगी असेल तर आडवा पट्टा राहतो आणि त्याचे बळ तेवढेच वाचले जाते, छाटणी असेल तर तो एकदम नाहीसा होतो. रुळांजवळच्या प्रयोगशाळेत पट्टे लोकलच्या येण्याजाण्याशी जुळतात का हे पाहणे ही पूरक चाचणी आहे, आणि ती फुकट आहे.

दुसरे उदाहरण अंधेरी पूर्वेच्या वेरावली येथील हवामान खात्याच्या सी-बँड डॉप्लर रडारचे, जे जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. हा पट्टा पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा शेजारी आहे. भारतात २०१८ मध्ये त्या वाय-फायसाठी ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, आणि सी-बँड हवामान रडारे साधारणपणे यांतल्याच दुसऱ्या भागात चालतात. रडारचा स्पंद एखाद्या मायक्रोसेकंदाचा धरला आणि चौकट वीस मायक्रोसेकंदांची असली, तर चौकटीच्या विसाव्या हिश्श्यातच ऊर्जा असते, म्हणून वाचन सुमारे २६ डेसिबलने कमी येते. शिवाय असा स्पंद वर्णपटात दोन मेगाहर्ट्झ रुंदीचा डोंगर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या टेकड्या दाखवतो. या टेकड्या स्पर नव्हेत, तो स्पंदाचा स्वभाव आहे. त्यांना उपकरणातील दोष समजून विंडो, म्हणजे चौकटीच्या कडा मऊ करणारे गणिती वजन, बदलत बसणाऱ्यांची संख्या कमी नाही. अखंड संकेताभोवतीच्या टेकड्या विंडो बदलल्यावर कमी होतात, कारण त्या चौकटीच्या कडांमुळे आलेल्या असतात. चौकटीहून आखूड स्पंदाच्या टेकड्या विंडोने फारशा बदलत नाहीत. पाचशेबारा नमुन्यांवरून दोन हजारांवर गेले की स्थिर स्पराची उंची तशीच राहते आणि गोंगाट खाली जातो, तर स्पंदाचे वाचन आणखी घटते. या तीन वेगळ्या प्रतिक्रियांवरून तीन वेगळ्या गोष्टी ओळखता येतात.

तपासाचा क्रम या सगळ्यावरून जवळपास आपोआप ठरतो. प्रथम अँटेना काढून तिथे ५० ओहमचा रोध लावावा. रेघ राहिली तर ती आतली किंवा डब्यातून शिरलेली आहे, गेली तर ती तारेतून आलेली किंवा तारेतून आलेल्या बलवान संकेतांनी आत घडवलेली आहे. मग क्षीणक, मग केंद्रवारंवारता, मग नमुनागती, आणि शेवटी आसपासची उपकरणे एकेक करून बंद करणे. एका वेळी एकच गोष्ट बदलणे ही अट कंटाळवाणी असली तरी तिला पर्याय नाही, आणि विद्यार्थ्यांच्या अहवालांत नेमकी तीच मोडलेली आढळते: अँटेना काढली, लॅपटॉपचा चार्जरही काढला, स्पर गेला, आणि श्रेय कोणाला द्यायचे ते कळेना.

उपायांबाबत मात्र एकमत नाही. एक पक्ष म्हणतो की ज्ञात स्पर संगणकातच वजा करावेत: रोध लावून घेतलेला वर्णपट साठवून नंतरच्या प्रत्येक मोजणीतून काढून टाकावा. पोटातल्या स्थिर रेघांपुरते हे चालते, पण संकरांना ते लागू पडत नाही, कारण संकर अँटेना जोडल्यावरच जन्मतात. आणि वजाबाकीत नेमक्या त्या जागेवरचा खरा संकेतही पुसला जातो. दुसरा पक्ष तोंडाशी गाळणी लावण्याचा आग्रह धरतो. मुंबईपुरते बोलायचे तर दुसऱ्या पक्षाचे पारडे जड आहे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारी एक साधी एफएम गाळणी येथे उपकरणाच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक खर्चात जेवढे काम करते, तेवढे दुप्पट किमतीचे उपकरण गाळणीविना करत नाही. चौदा बिटांच्या एडीसीची तात्त्विक मर्यादा ८६ डेसिबल आणि आठ बिटांची ५० असली, तरी मिश्रक आधीच भारावला असेल तर जादा बिटे त्याच चुकीचे अधिक बारकाईने वर्णन करतात, एवढेच.

दोन्ही मार्ग एकत्र कसे चालतात याचा महाराष्ट्रातला उत्तम नमुना नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली आणि नंतर सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंत विस्तारलेली ही यंत्रणा मानवनिर्मित संकेतांच्या तुलनेत कल्पनेपलीकडे क्षीण लहरी ऐकते. तेथे गाळण्या आहेत, स्वतःचीच इलेक्ट्रॉनिक सामग्री धातूच्या बंदिस्त पिंजऱ्यांत ठेवण्याची शिस्त आहे, आणि त्यानंतर नमुन्यांच्या प्रवाहावरच चालणारी, मध्यकापासून फार विचलित झालेले नमुने त्या क्षणी बाजूला काढणारी यंत्रणाही आहे. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: गणित सर्वांत शेवटी येते.

औपचारिक चाचण्यांत तर हा क्रम पाळण्यावाचून गत्यंतर नसते. एफएफटीवर आधारित ग्राहकांना रेडिओ-व्यत्ययाच्या मोजणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय सिस्पर (सीआयएसपीआर) मानकाने २०१० मध्ये मान्यता दिली आणि त्यामुळे उत्पादनांच्या विद्युतचुंबकीय चाचण्या झपाट्याने होऊ लागल्या. समीरच्या खारघर येथील केंद्रात अशा चाचण्या होतात. तिथे ढालबंद खोली असते, बाहेरचा एफएम पट्टा आत येत नाही. मरोळच्या गाळ्यात तीच पूर्वचाचणी करणाऱ्या उद्योजकाला ती सोय नसते, म्हणून उत्पादन बंद ठेवून घेतलेला पार्श्ववर्णपट प्रत्येक मोजणीसोबत जोडणे त्याच्यासाठी सक्तीचे मानले पाहिजे.

सर्व चाचण्यांतून तावून निघालेला आणि तरीही उलगडा न झालेला संकेत उरतोच. अशा वेळी दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतील वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन ही १९५२ पासूनची यंत्रणा आहे आणि तिचे मुंबईतील केंद्र बोरिवली पश्चिमेला गोराई रस्त्यावर आहे. उपग्रहांवर लक्ष ठेवणारे तिचे भूस्थानक जालन्यात आहे. तेथे तक्रार नेणाऱ्यांनी पडद्याचे नुसते छायाचित्र नेऊ नये. तारीख आणि वेळ, अँटेनाची जागा, ५० ओहमचा रोध लावून घेतलेला वर्णपट, क्षीणकाच्या दोन वेगळ्या स्थितींतील वाचने आणि केंद्रवारंवारता सरकवल्यानंतरचे एक वाचन एवढी कागदपत्रे सोबत असावीत, आणि १२१.५ सारख्या वारंवारतेबाबत तर ती नेण्याआधी एफएम गाळणी लावून मोजणी पुन्हा एकदा घ्यावी.